न लागलेलं दही

मी दही विरजणं बंद केलं त्याला आता वर्ष होऊन गेलं. नवऱ्याला वाटतं, बाई आळशी झाली. लेकीला तर दही म्हणजे दुकानातला प्लास्टिकचा डबाच माहीत आहे. दोघांनाही मी कारण सांगितलेलं नाही. सांगायचं तर समोरच्या दारापासून सुरुवात करावी लागेल.

अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आमचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढून आलं की दोन दारं समोरासमोर. २००१ सालच्या शेवटी, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडल्यावर जिकडेतिकडे गाड्यांना आणि खिडक्यांना झेंडे लागले होते तेव्हा, समोरच्या घरात एक आई आणि तिचा पंधरा वर्षांचा मुलगा राहायला आले. मी नागपूरची. नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायला बंदी. गाडी चालवता येत नव्हती, आणि इथे गाडीशिवाय साधी कोथिंबीर मिळत नाही. दिवसभर घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "अरे हळू! त्या खोक्यात बरण्या आहेत माझ्या!" मराठी ऐकलं आणि मी अनवाणीच बाहेर पळाले.

बाई ठाण्याची होती, नर्स. नवरा तिकडेच असताना वारलेला. इथल्या एका हॉस्पिटलने बोलावलं म्हणून मुलाला घेऊन आली होती. सामान पुरतं आत जायच्या आधी तिने दाराच्या चौकटीवर एक लहानशी डबी तिरकी ठोकली, तिला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना टेकवली.

"हे काय गं?" मी विचारलं. मला धीर कुठला.

"आम्ही ज्यू आहोत. बेने इस्रायल. सासर-माहेर दोन्ही अलिबागकडचं."

"पण तू तर मराठी बोलतेस!"

"मग काय बोलू?" ती म्हणाली, आणि तिचा मुलगा खोक्यावर बसून खो-खो हसायला लागला.

नर्स म्हणून मी तिला 'सिस्टर' म्हणून चिडवायला लागले आणि तेच नाव पडलं. तिचा मुलगा मला मावशी म्हणायचा. तिच्या पूर्वजांना गावात शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवायचे. ड्यूटी नसेल त्या शनिवारी सिस्टरही शेगडी पेटवायची नाही. इथल्या ज्यू लोकांना साडी नेसणारी ज्यू बाई बघून नवल वाटायचं, आणि आपल्या मंडळींना गणपतीत आरतीला न येणारी मराठी बाई बघून. ती दोघांनाही तेवढ्याच थंडपणे हो म्हणायची.

आमची मैत्री झाली ती दह्यावरून. ह्यूस्टनच्या एका काकूंनी मला विरजण दिलं होतं. ते त्यांनी म्हणे भारतातून रुमालात वाळवून आणलं होतं. खरं-खोटं देव जाणे, पण दही असं लागायचं की सुरीने कापावं! रात्री दूध विरजून ओव्हनमध्ये ठेवायचं आणि नुसता दिवा लावून ठेवायचा, तेवढी ऊब पुरते. विरजणाची वाटी आमच्या दोन दारांतून सारखी इकडून तिकडे जायची. कधी माझं बिघडायचं, मग सिस्टरकडून. कधी तिचं, मग माझ्याकडून.

तिच्या स्वयंपाकघरात भांड्यांचे दोन संच होते. एक मटणाचा, एक दुधाचा. एकाचा चमचा दुसऱ्यात गेला की ती असं काही ओरडायची की मी दोन दिवस तिच्या ओट्याकडे फिरकायचे नाही. मटणाला ती नारळाचं दूध घालायची, दही कधीच नाही. आणि मटण खाल्लं की पुढचे पाच-सहा तास दूध-दही वर्ज्य, चहासुद्धा काळा. हे सगळं मला पाठ झालं होतं. मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटायला नको.

मला गाडी सिस्टरच्या मुलाने शिकवली. आधी नवऱ्याने प्रयत्न केला होता, पण तिसऱ्याच दिवशी आम्ही एकमेकांशी बोलणं टाकलं. मग हा अठरा वर्षांचा पोरगा आईची जुनी टोयोटा घेऊन मला रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये न्यायचा. "मावशी, ब्रेक! ब्रेक! अगं, नागपूरला गाड्यांना ब्रेक नसतात का?" मी चिडले की खिडकी खाली करून रस्त्यावरच्या लोकांना हात जोडायचा. मला लायसन्स मिळालं त्या दिवशी माझ्यापेक्षा तोच जास्त नाचला. मला भाऊ नाही. असता तर असाच टारगट असता, असं मी सिस्टरला म्हणायचे.

शाळा संपता संपता त्याने सैन्यात नाव घातलं. कॅन्टीनबाहेर सैन्याची माणसं टेबल मांडून बसायची, त्यांच्याशी बोलून आला आणि घरी सांगून मोकळा. सिस्टर आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मी त्याला फैलावर घेतलं.

"मावशी, ऐक तर! कॉलेज फ्री, सिटिझनशिप फास्ट. आणि आईची डबल शिफ्ट बंद. तिचे पाय बघितलेस का तू? संध्याकाळी चप्पल निघत नाही पायातून."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"तू आहेस ना, सगळ्यांशी भांडायला," तो म्हणाला.

ट्रेनिंगला निघाला त्या दिवशी मी त्याच्या हातावर दही-साखर घातली. आमच्या घरातून लांब जाणारं माणूस हातावरचं दही चाटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. दही चाटून गेलेलं माणूस परत येतं, असं माझी आई म्हणायची आणि मीही म्हणते. सकाळची वेळ होती, नाश्त्याला नुसते पोहे, त्यामुळे सिस्टरचीही ना नव्हती. तो परत आला. पुढे दोन वर्षं कुठल्या कुठल्या तळांवर गेला. दर वेळी मी दही घातलं, दर वेळी तो आला. २००६ च्या पावसाळ्यानंतर इराकला निघाला तेव्हाही घातलं, आणि मधल्या सुट्टीला तो जानेवारीत घरी आला. काळवंडलेला, गालफडं बसलेली, पण आला.

पंधरा दिवस होता. पहिले तीन दिवस नुसता झोपला. नंतर माझ्या लेकीला खांद्यावर घेऊन कॉम्प्लेक्सभर हिंडला. दारावर कुणी जोरात थाप मारली की दचकायचा आणि मग स्वतःच हसायचा. तिकडचं काही विचारलं की "गरम आहे, मावशी, बस," एवढंच.

परत जायचा दिवस उजाडला. दुपारी तीनला घर सोडायचं होतं. सिस्टरने आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं, "मी मटण करणार आहे, त्याच्या आवडीचं. तू दही घेऊन दहाला ये, म्हणजे नंतर तो निवांत जेवेल." मी म्हटलं, दहा म्हणजे दहा.

आणि त्या रात्री माझ्या ओव्हनचा दिवा गेला. थंडीची लाट होती. सकाळी बघते तर भांड्यात नुसतं दूध! माझं तर पित्तच खवळलं. फ्रीजमध्ये दुकानातल्या दह्याचा डबा होता, अर्धा भरलेला. मी तो बघितला. हातातसुद्धा घेतला. आणि ठेवून दिला. लढाईवर निघालेल्या पोराच्या हातावर दुकानातलं दही? माझं नाक मोठं ना! भांडं गरम पाण्यात ठेवलं, टॉवेल गुंडाळला, दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून बघत बसले. दहाला दार उघडून ओरडून सांगितलं, "अगं, लागतंय, आलेच!" अकराला पुन्हा तेच सांगितलं. बाराला दार उघडायची लाज वाटली. दही लागलं तेव्हा दीड वाजला होता.

मी वाटी घेऊन गेले तर तो हात धुऊन नॅपकिनला पुसत होता. टेबलावर ताट, ताटात हाडं. मला बघून त्याने हसत हात पुढे केला.

"अगं, त्याने मटण खाल्लंय," सिस्टर म्हणाली. हळूच म्हणाली.

"एक चमचा तर घालायचं आहे."

"नाही गं. मटणावर नाही."

त्याचा हात तसाच पुढे होता. तो आईकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. मी सकाळपासून त्या भांड्याशी झगडत होते, चूक माझी होती हेही मला कळत होतं, आणि चूक आपली असली की माझा राग दुप्पट होतो. मी म्हटलं, "चमचाभर दह्याने तुमचा देव काय कोपणार आहे का?"

सिस्टरचा चेहरा मला अजून दिसतो. त्याने हात मागे घेतला. "मावशी, असू दे. नाही तर नाही. बाकी सगळं आहे ना," असं काहीतरी तो बोलला आणि मला जवळ घ्यायला आला. पण मी वळले होते. वाटी घेऊन माझ्या दारापर्यंत पोचले तेव्हा तो मागून म्हणाला, "येतो गं मावशी."

ह्यावर 'ये' म्हणायचं असतं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. मी म्हटलं, "हं." आणि दार लावलं. तीन वाजता गाडीचा आवाज ऐकला, खिडकीशी गेले नाही. ते दही मी सिंकमध्ये ओतलं.

दोघींचं बोलणं अगदीच काही तुटलं नाही. जिन्यात भेटलो की "काय गं", "बरंय". पण वाटी हलली नाही. तिने विरजण मागितलं नाही, मी विचारलं नाही. मनात म्हणायचे, तो आला की माफी मागू. दोघांची एकदम मागू. मला वाटायचं, वेळ आहे.

मार्चमध्ये एक दिवस दुपारी समोरची बेल वाजली. सिस्टर ड्यूटीवर होती. मी दार उघडून बघितलं तर सैन्याच्या कडक इस्त्रीच्या गणवेशातले दोघे जण. त्यातल्या वयस्क माणसाने फार अदबीने विचारलं, ह्या बाई घरी कधी येतात? मी सांगितलं, साडेतीनला. तो थँक यू म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने नजर खाली घातली, आणि मला कळलं. त्यांनी मला काही सांगितलं नाही, सांगायचा त्यांना हक्कच नसतो. दोघे खाली जाऊन गाडीत बसून राहिले.

एक वाजला होता. अडीच तास. तिचं पोर गेलं हे मला माहीत आहे आणि तिला माहीत नाही! ती तिकडे कुणाला तरी सलाइन लावत असेल, कुणाची तरी उशी सारखी करत असेल. फोन हातात घेतला, ठेवला. काय सांगणार होते? मी दाराच्या आत जमिनीवर बसून राहिले.

साडेतीनला जिन्यात तिची पावलं वाजली. मी बाहेर आले. तिच्या एका हातात पर्स, दुसऱ्या हातात दुधाचा गॅलन. मला बघून ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

"बरी भेटलीस. विरजण आहे का गं थोडं?"

मागून दोघे जिना चढत होते. तिने वळून बघितलं. दुधाचा गॅलन तिने अगदी सावकाश खाली ठेवला, सांडू नये म्हणून. मग भिंतीला धरून ती बसली. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही, तिनेही ऐकलं असेल असं वाटत नाही.

रस्त्याच्या कडेला पुरलेला बॉम्ब होता. एकवीस वर्षांचा होता पोरगा.

त्याला इथेच पुरलं. घडी घातलेला झेंडा सिस्टरच्या मांडीवर ठेवला तेव्हा तिने तो बाळासारखा दोन्ही हातांनी उचलून धरला. मग त्यांच्या सुतकाचे सात दिवस ती घरात खाली बसून होती. आरशांवर चादरी, ब्लाऊजची बाही फाडलेली. प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. एका संध्याकाळी नऊच झाले, तर माझा नवरा भाबडेपणाने दहावा म्हणून उभा राहिला. त्याला हळूच समजावलं आणि दहावा माणूस येईपर्यंत सगळे थांबले. नवरा बाहेर जिन्यात चपला काढून उभा राहिला, प्रार्थना संपेपर्यंत. मी रोज वरणभात न्यायचे, तिच्या दुधाच्या भांड्यांत. दोघींनी त्या दिवसाचा शब्द काढला नाही. काही महिन्यांनी त्याच्या सिटिझनशिपचा कागद आला. तो तिने मला दाखवला आणि म्हणाली, "बघ, फास्ट."

मी दही विरजायचं सोडलं ते तेव्हापासून. ओव्हनमध्ये नवा दिवा बसवलेला आहे. पण दूध विरजायला घेतलं की मला तो पुढे केलेला हात दिसायचा. मला एकच भीती होती. आज ना उद्या ती मला विचारणार, तू दहाला का आली नाहीस? वर्षभर मी त्या प्रश्नाला घाबरून राहिले.

ह्या वसंतात ठाण्याहून फोन आला, तिच्या आईचं काही खरं नाही. तो गेल्यानंतर सिस्टर पहिल्यांदाच तिकडे जाणार होती. निघायच्या दुपारी तिने माझी बेल वाजवली. साडी नेसलेली, खांद्याला पर्स. हॉस्पिटलमधली मैत्रीण खाली गाडी लावून थांबलेली.

"दही आहे?"

"घरचं नाही गं. मी विरजत नाही आता."

"डबा आहे ना? दे. दुकानातलं चालतं." मग म्हणाली, "कालपासून वरणभातावर आहे. मटणाला हात लावला नाही."

तिने हात पुढे केला. अगदी तसाच. आणि मी दारातच रडायला लागले. "तेव्हाही होता गं," मी म्हटलं, "डबा होता फ्रीजमध्ये. मी हातात घेऊन परत ठेवला."

"माहीत आहे मला. तुझ्या फ्रीजमध्ये डबा कधी नव्हता?" ती आत आली, माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. "अकराला मीच त्याला म्हटलं, जा, मावशीकडून डब्यातलं घालून घे. तर म्हणाला, नको, तिला वाईट वाटेल, ती घरचं लावतेय, थांबू या. एक वाजेपर्यंत थांबला. पुढेही थांबला असता. मीच पान वाढलं. त्याला भूक नव्हती गं. मला होती, त्याला जेवताना बघायची."

मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"वर्षभर वाटतंय," ती म्हणाली, "तू कधीतरी मला विचारशील, अर्धा तास थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मी? मी तुला विचारणार?"

"मग कोण विचारणार? दुसरं आहे कोण मला इथे?"

मी डबा काढला. साखर ओट्यावर सांडली. तिच्या तळहातावर चमचाभर दही घातलं. तिने ते एकदम चाटलं नाही, जरा वेळ बघत राहिली. "मला परत यायचंय," ती म्हणाली. "तिकडे सगळे म्हणतील, आता राहा इथेच. पण तो इथे आहे ना." मग तिने दही चाटलं, हात धुतला आणि पर्स उचलली.

दारात थांबून ती म्हणाली, "येते गं."

"ये," मी म्हटलं. ती जिना उतरायला लागली तरी मी म्हणतच होते. "ये गं. ये. लवकर ये."